समोरचा भिडू

मेंढीकोट ज्यांना येत नाही त्यांची मला दया येते. तरी नियम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चौघांनी बसायचं, दोन-दोनच्या जोड्या. आपला भिडू आपल्या समोर बसतो, आणि डाव्या-उजव्या हाताला बसतात ते वैरी. दश्शीला मेंढी म्हणायचं. ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या, त्यांचा डाव. चारही लुटल्या तर दुसऱ्यांवर कोट. उतरलेल्या रंगाचं पान हातात नसेल तर हुकुमाचं पान टाकून तो हात आपल्याकडे ओढता येतो, त्याला आमच्या घरात कापणं म्हणत. खेळताना बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत आणि एकदा टाकलेलं पान परत उचलायचं नाही. हा शेवटचा नियम आमच्या अण्णांचा होता, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा होता. पहाटे तोडणी, उजाडायच्या आत पाट्या भरून फूलबाजार, आणि दुपारी सगळं आवरलं की ओट्यावर गोणपाट अंथरून पानं. एका जोडीत अण्णा आणि काका, दुसरीत दादा आणि मी. दादा माझ्याहून मोठा, बाजाराच्या पाट्या लुनावरून तोच न्यायचा. आई पानांना हात लावत नसे. ती शेजारी बसून गजरे करायची आणि हरलेल्यांना चहा द्यायची नाही.

आम्ही दोघं जिंकायचो. नेहमीच नव्हे, पण इतक्यांदा की काकांची झोप उडाली. "ह्यांच्यात खूण हाय," ते म्हणायचे. "लय पक्की खूण हाय." मग माझे पाय गोणपाटाखाली घालायला लावले, दादाच्या तोंडावर उपरणं बांधलं. तरी आम्ही जिंकलोच. काका उठून चपला घालून निघाले, फाटकापर्यंत गेले आणि चहाच्या वासाने परत आले.

खूण अशी नव्हतीच हो. देवाशपथ नव्हती. आमचं डोकंच एका चालीने चालायचं. त्याने चौकट टाकली की तो का टाकतोय ते मला पान पडायच्या आत कळे. बोलतानाही तेच. मी "अरे तो आपला..." म्हटलं की तो माणसाचं नाव घ्यायचा, आणि ते बरोबर असायचं. आई वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघं अर्धंच बोलता, बाकीचं आम्ही काय पंचांगात बघायचं?"

पण माझी एक खोड होती, आणि ती मला स्वतःलाच ठाऊक नव्हती. पकडली अण्णांनी. खेळताना मी मान खाली घालून पानांत डोकं खुपसून बसायची. माझी मेंढी संकटात आली, की मान आपोआप वर व्हायची आणि मी सरळ दादाकडे बघायची. आणि दादा कापायचा. एका दुपारी अण्णांनी हातातली पानं खाली ठेवली आणि इतके हसले की ठसका लागला. "अरे, ही मान वर करती आन् तो कापतो! दोघांनाबी पत्ता नाय!" त्यानंतर ऐन रंगात आल्यावर अण्णा ओरडायचे, "मान खाली!" मी खाली घालायची. पुढच्या मेंढीला पुन्हा वर.

आणि दादा कधी चुकलाच, तर मी त्याला सोलायची. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. "डोळे काय बाजारात विकून आलास का? एक्का पडलाय दिसत नव्हतं? गाढवाला तरी कळलं असतं." तो मान डोलवत ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "झालं? आता पानं वाट."

मी बी. ए. झाले त्या वर्षी इगतपुरीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता. बघायला पाच माणसं आली: मुलगा, त्याची आई, दोन मामा आणि मध्यस्थ. घर झेंडूच्या वासाने भरलेलं, कारण बाजाराच्या पाट्या मागच्या खोलीत लपवल्या होत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि सतरंजीवर मान खाली घालून बसले. समोर दाराच्या चौकटीला टेकून, पाण्याचा तांब्या हातात घेऊन दादा उभा होता. बरोबर समोर, भिडूच्या जागेवर. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

रीतीप्रमाणे आई म्हणाली, "सगळं हिनेच केलंय हं."

मुलाने घास घेतला आणि त्याच्या दाताखाली मिरची आली. अख्खी. तो लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण लपवायचं सोडून त्याने सरळ मला विचारलं, "पोहे तुम्ही केलेत?"

मी म्हटलं, "नाही, आईने केलेत. मिरच्या तेवढ्या मी टाकल्या."

आई खोकली. मध्यस्थाने हात कपाळाला लावला. आणि तो मुलगा डोळे पुसत पुसत हसला. दिलखुलास. "वाटलंच," म्हणाला.

मला तो आवडला. इतकी वर्षं झाली, आता लाजायचं काय? मला तो तिथल्या तिथे आवडला. आणि मला आवडलेली गोष्ट आधी कुणाला सांगायची, हे माझ्या मानेला सवयीने माहीत होतं. ती वर झाली. मी दादाकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, बघितलंस का? बघितलंस कसा आहे?

दादाचा चेहरा बदललेला मी पाहिला. हुकुमाचं पान ओढताना त्याची हनुवटी जरा पुढे यायची. तशीच आली.

"मामा," तो पाहुण्यांना म्हणाला, "राग मानू नका. तिच्या मनात नाहीये. आम्ही उगाच बळजबरीने बसवलंय तिला."

कुणाच्या हातातला चमचा बशीवर वाजला. अण्णा जागेवर अर्धे उठले. मुलाची आई पदर सावरायला लागली. एकट्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "असं आहे का?"

त्याने विचारलं होतं, हे मी विसरू शकत नाही. चांगलं नीट, माणसासारखं विचारलं होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. पण तो म्हटला असता तर दादा सगळ्यांदेखत खोटा पडला असता, आणि मुलीने पाहुण्यांसमोर 'मला पसंत आहे' म्हणायचं म्हणजे आमच्याकडे तेव्हा आभाळ कोसळलं असतं. शिवाय, हसू नका, पण माझ्या डोक्यात त्या क्षणी अण्णांचा नियम आला: टाकलेलं पान परत उचलायचं नाही. मी मान खाली घातली. त्याने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि बशी खाली ठेवून उठला.

पाहुणे फाटकाबाहेर पडले आणि अण्णा दादावर तुटून पडले. "भर घरात माझं नाक कापलंस! मी शब्द दिला होता त्या लोकांना!" अण्णांचा आवाज फाटला. "तोंड नको दाखवू मला. पुन्हा माझ्यासमोर बसू नको!"

संध्याकाळी मी विहिरीजवळ पोह्यांच्या बश्या घासत होते. दादा आला, शेजारी उकिडवा बसला. अण्णांचं एवढं ऐकूनही त्याचा चेहरा उजळला होता. "सुटलीस ना?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

तो मान डोलवत उठला. मी त्याला एका शब्दाने सोललं नाही. बश्या घासत राहिले.

पानांचा डाव त्या दिवशी मोडला तो मोडलाच. अण्णा दादासमोर बसेनात, बाजाराला काकांना नेऊ लागले. काही सांगायचं झालं तर आईमार्फत: "त्याला सांग, मोटार बंद कर." तो तिथेच दोन हातांवर उभा असायचा. असं किती दिवस सोसणार? दादा सातपूरला एका कंपनीत लागला आणि तिकडेच खोली घेऊन राहिला. आई डबा घेऊन जायची. मळ्यात वाढलेला माणूस, ज्याला गुलाबाची कळी उद्या उमलणार की परवा हे बोट लावून कळायचं, तो पाळीचं कार्ड पंच करायला लागला. माझ्यामुळे. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

सगळ्यात वाईट ते पुढे. अण्णांना हे सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं! दुसऱ्या कुणाला ही चूक कळली नसती. 'मी आनंदाने बघितलं आणि त्याला वाटलं काप म्हणतेय' हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, पोरीला वेड लागलंय. पण अण्णांना कळलं असतं. माझी मान त्यांनीच तर पकडली होती. ते पोट धरून हसले असते आणि इगतपुरीला जाऊन हात जोडले असते. मी सांगितलं नाही. आधी लाजेने, मग दादाला वाईट वाटेल म्हणून, आणि नंतर इतका उशीर झाला होता म्हणून. उशिराचं असं असतं की तो रोज थोडा थोडा वाढतो आणि रोज वाटतं, आता काय उपयोग.

माझं लग्न दोनेक वर्षांनी नाशिकरोडला झालं. नवरा भला माणूस आहे. पण माझ्या मनातलं त्यांना इतकंसुद्धा कळत नाही. मी तोंड फुगवून बसले तर ते विचारतात, "डोकं दुखतंय का?" मी रागावलेय हे मला तोंडाने सांगावं लागतं, का रागावलेय तेही सांगावं लागतं, आणि मग ते म्हणतात, "अच्छा, असं होय." सुरुवातीला मला रडू यायचं. पुढे पुढे मला ह्यात एक विसावा वाटायला लागला. हा माणूस विचारतो. त्यामुळे चुकत नाही. पूर्ण कळतं असं ज्याला वाटतं, तो कशाला विचारेल?

दादाच्या लग्नात अण्णा पाहुण्यासारखे आले. अक्षता टाकल्या, जेवले. मी त्यांच्या पानावर जिलबी वाढायला वाकले, वाक्य अगदी ओठावर होतं. अण्णा म्हणाले, "मठ्ठा आण पोरी." मी मठ्ठा आणायला गेले. अशी होते मी.

मग कुंभमेळ्याचं वर्ष आलं. झेंडू कितीही न्या, कमीच. काकांना दम लागायचा, अण्णा एकटे पडले, पण लेकाला बोलवतील तर शपथ. मी मुलीला घेऊन माहेरी गेले होते. दुपारी दादाची मोटारसायकल फाटकात वाजली. पाळी संपवून तो आपणहून आला होता. अण्णांकडे न बघता शेतात शिरला. मी ओट्यावरून बघत होते. अण्णांनी गोणीचं तोंड उघडलं की दादाची पाटी आलेलीच असायची. दादाने हात मागे केला की अण्णांनी सुतळी पुढे धरलेली असायची. दोघं एक शब्द बोलत नव्हते, नजरही देत नव्हते, आणि चार हात एकाच माणसाचे असावेत तसे चालले होते. गोण्या भरून झाल्यावर दादा गाडीला किक मारून निघून गेला. अण्णा सुतळीचा गुंडा हातात घेऊन उभे राहिले. मला माझीच इतकी चीड आली की मी आत जाऊन विनाकारण मुलीला धपाटा घातला. तीही चूक माझीच.

काका त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. अण्णांचे गुडघे गेले, ते ओट्यावरच्या खाटेवर आले. भाऊबीजेला आम्ही सगळे मळ्यात जमायचो. दादा यायचा, अण्णांच्या पाया पडायचा. ते पाय मागे घ्यायचे नाहीत, पण बोलायचेही नाहीत. आता तर तो राग होता की नुसती सवय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

अशाच एका भाऊबीजेला, मुलगी तेव्हा सातवी-आठवीत असेल, ती ओट्यावर बसून रविवारची पुरवणी वाचत होती. "आई, ऐक ना. गप्पा मारताना दोन माणसांच्या मेंदूंतल्या लहरी जुळतात म्हणे. म्हणजे एकाच ठेक्यावर चालतात!"

दादा फराळाची ताटली घेऊन बसला होता. तो हसला. "त्याला पेपर कशाला लागतो? तुझी आई आणि मी. आमचं डोकंच एक होतं."

"हो," मी म्हटलं. हातातली चकली ताटलीत परत ठेवली.

"मग खेळून दाखवा!" मुलगी म्हणाली. तिला मेंढीकोट मीच शिकवला होता. "बाबा आणि मी, मामा आणि तू." पानं निघाली, गोणपाट अंथरलं. दादा माझ्या समोर बसला. खाटेवर अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

पहिला डाव आम्ही जिंकला. हात अजून तसेच चालत होते, लाज वाटावी इतके तसेच. दुसऱ्या डावात तीन मेंढ्या पडून गेल्या, दोन त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. चौथी बदामाची, माझ्या हातात, आणि बदामाचं दुसरं पान नाही. मुलीने बदामचा एक्का आपटला. मला मेंढी टाकावीच लागली. नवऱ्याने बदामची तिरी टाकली. आता दादाची पाळी. त्याच्याकडे बदाम नव्हता, हे मला माहीत होतं. हुकूम होता, हेही माहीत होतं.

माझी मान वर झाली.

दादाने हुकुमाच्या पानाला हात घातला. आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्याने विचारलं, "कापू का?"

"मामा!" मुलगी किंचाळली. "बोलायचं नसतं! चीटिंग!"

तो तिच्याकडे बघतच नव्हता. "सांग ना. कापू का?"

मेंढीकोटात त्याने जन्मात कधी मला विचारलं नव्हतं. "तुला माहितीये," मी म्हटलं. "कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. विहिरीवर." तो पानांकडे बघत बोलत होता. "मी चुकलो की तू मला सोलायचीस. त्या दिवशी नुसतं 'हो' म्हणालीस. मी विहिरीपासून घरापर्यंत आलो तेवढ्यात मला कळलं."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"तू बोलत नव्हतीस. मला वाटलं, तुला तो विषय नको असेल."

घ्या. ह्याला म्हणतात डोकं जुळणं! दोघांनी एकच गोष्ट, एकाच दिवसापासून, एकमेकांपासून लपवली. आणि किंमत एकट्याने मोजली.

"काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. "पाळी कुणाची?"

"नको कापूस," मी दादाला म्हटलं. "मला पसंत होतं. नको कापूस."

दादाने किलवरचं फालतू पान टाकलं. मुलगी "आमची मेंढी, आमची मेंढी!" करून नाचायला लागली आणि मग आमची तोंडं बघून गप्प झाली.

खाट करकरली. अण्णा हातावर भार देऊन उठून बसले होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे.

"पोरी," ते म्हणाले, "इगतपुरीचे आले होते तव्हा, तू मान वर केली होती?"

"हो अण्णा."

"ह्याच्याकडं बघून?"

"हो."

"म्हणून ह्यानं कापलं."

मी मान हलवली. मला वाटलं होतं ते हसतील. इतकी वर्षं मी मनात त्यांना हसताना पाहिलं होतं. ते हसले नाहीत. "आन् मी त्याला काय काय बोललो," ते म्हणाले. "मळा सोडून गेला पोरगा. मला का नाय सांगितलंस? मला कळलं असतं ना. मलाच कळलं असतं."

आई दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातात ओवाळणीचं ताट होतं, ते तिने तसंच खाली ठेवलं.

अण्णांनी खाटेवरून पाय खाली सोडले. नवरा आधाराला धावला, त्यांनी त्याचा हात धरून गोणपाटावर बसकण मारली. पाय पसरायला जागा केली. मग दादाकडे बघून म्हणाले, "ये. माझ्यासमोर बस."

दादाला क्षणभर कळलंच नाही. मग तो माझ्यासमोरून उठला, वळसा घालून गेला आणि मुलीने सोडलेल्या जागी, अण्णांच्या समोर बसला. भिडूच्या जागेवर. नवरा माझा भिडू झाला, ज्याला प्रत्येक पान विचारून टाकावं लागतं.

पानं मी पिसली, मी वाटली. बापलेकांनी आपापली पानं उचलली आणि दोघांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने, डावीकडून लावायला घेतली. मी माझ्या पानांत डोकं खुपसलं, आणि डाव संपेपर्यंत मान वर केली नाही.